पाच लाखांत चारशे

रविवारी संध्याकाळी आम्ही वस्तीतल्या विहारात फॉर्म भरून द्यायला बसतो. जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, रेल्वेची भरती, जे येईल ते. दोन वर्षांपूर्वी महापालिकेच्या सफाई खात्यातले एक गृहस्थ मुलाला घेऊन आले होते. मुलगा बारावीचा, अंगाने काटक. फौजेत अधिकारी व्हायचे म्हणत होता. आम्ही खडकवासल्याच्या एन.डी.ए.चा विषय काढला. वडील म्हणाले, "भाऊ, पाच लाख पोरं बसतात म्हणे आणि घेतात चारशे. आपल्याला कोण विचारतो?" फॉर्म तसाच राहिला.

मागच्या महिन्यात तोच मुलगा एकटा आला. "काका, आता भरू या." आम्ही जन्मतारीख पाहिली आणि काय बोलावे ते सुचेना. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, त्यापुढे एक दिवसही नाही. इथे अनुसूचित जातीला वयाची सवलत नाही आणि जागांत आरक्षणही नाही. चूक आमचीही होती. त्या दिवशी वडिलांच्या आकड्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ते उशिरा का होईना, आज देतो.

आकडा खोटा नाही. नोव्हेंबर २०२१ च्या परीक्षेला ५ लाख ७५ हजारांवर अर्ज आले होते आणि जागा ४०० होत्या. हिशेब केला तर चौदाशेत एक. पण आम्ही कारकून माणसे, बेरजेच्या मागचा कागद पाहायची आम्हाला सवय आहे. अर्ज भरणारे पुष्कळजण परीक्षेला येतच नाहीत. कित्येकजण गणिताचे पुस्तक न उघडता बसतात. लेखी परीक्षा ९०० गुणांची, गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. चुकीच्या उत्तराला गुण कापतात. एवढे असूनही त्या वेळी ३५५ गुणांवर लेखी उत्तीर्ण झाले, आणि २०२३ च्या पहिल्या परीक्षेत ३०१ वर. म्हणजे शंभरात तेहतीस ते चाळीस! प्रत्येक पेपरात किमान गुण लागतात, म्हणून गणित सोडून चालत नाही. प्रश्न इंग्रजी-हिंदीत असतात, मराठीत नाहीत. पण हे काही आकाशातले तारे नव्हेत.

खरी चाळणी पुढे आहे. त्या परीक्षेत लेखीतून सुमारे ८ हजार सुटले आणि त्यांतून ४०० घ्यायचे होते. वीसात एक. ही निवड एस.एस.बी. म्हणजे निवड मंडळ करते, भोपाळ, बंगळूर, प्रयागराज अशा ठिकाणी. त्याचेही गुण ९००. पहिल्याच दिवशी पुष्कळांना परत पाठवतात. उरलेले आणखी चार दिवस राहतात. पडद्यावर एक शब्द येतो, पंधरा सेकंदांत त्यावर वाक्य लिहायचे, असे साठ शब्द. चित्र पाहून चार मिनिटांत गोष्ट लिहायची. फळ्या आणि दोर घेऊन आठ-दहा जणांनी मिळून अडथळा पार करायचा. मग मुलाखत, त्यात घरचे, शाळेचे, खेळाचे सगळे विचारतात. इथे पाठांतर उपयोगी पडत नाही. चारचौघांत आपले म्हणणे मांडायची सवय हवी, आणि ती आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत कोण लावणार? निवड झाली तरी पुढे वैद्यकीय तपासणी असतेच.

ही सवय ज्यांना लहानपणी लागते ते पुढे जातात. सातारच्या सैनिक शाळेत (ही १९६१ ची) प्रवेश सहावीत आणि नववीत मिळतो, आणि तिथे अनुसूचित जातीला १५ टक्के जागा राखीव आहेत. छत्रपती संभाजीनगरला राज्य सरकारची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे. ती दहावीनंतर मुलांना घेते आणि दोन वर्षे तयारी करून घेते. ज्या दारावर आरक्षण नाही, त्याच्या आधीच्या एका दारावर ते आहे, हे आमच्या वस्तीत कोणाला ठाऊक नव्हते. आम्हालाही नव्हते.

मुलींच्या बाबतीत मात्र आकडा खरोखर घाबरवतो. त्यांना प्रवेश मिळाला तो सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने. पहिल्याच परीक्षेत १,००२ मुली लेखी पास झाल्या आणि जागा होत्या १९. मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या.

एक छोटी गोष्ट. अर्जाची फी १०० रुपये, पण मुलींना आणि अनुसूचित जातीच्या मुलांना ती माफ. बौद्धांचाही केंद्राच्या यादीत समावेश १९९० मध्ये झाला. तेव्हा केंद्राच्या नमुन्यातला दाखला काढून ठेवा, ऐन वेळी तलाठ्याकडे धावू नका. परीक्षा वर्षातून दोनदा होते, बारावीत असतानाच बसता येते आणि नापास झाले तर वय असेपर्यंत पुन्हा बसता येते.

तो मुलगा सध्या बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला आम्ही सी.डी.एस. परीक्षेची माहिती काढून दिली. ती पदवीवर देता येते. चेन्नईच्या अकादमीसाठी तिच्यात गणिताचा पेपर नाही, डेहराडूनसाठी आहे, तोही दहावीच्या पातळीचा. त्याने वही काढून दोन्हीच्या वयोमर्यादा लिहून घेतल्या. धाकटी बहीण बरोबर होती, यंदा दहावीला बसणारी. तिने विचारले, "काका, माझा फॉर्म कधी भरायचा?" आम्ही आधी तिचा जन्मदाखला मागितला.