टपावरची तबकडी

पर्यटनाचा हंगाम आला की हरमलपासून पाळोळ्यापर्यंतच्या गोमंतकीय किनाऱ्यावर घरासारख्या सजविलेल्या मोटारी दिसू लागतात. चूल, बिछाना, पाण्याची टाकी असा सारा संसार घेऊन फिरणाऱ्या या प्रवाशांना आता टपावर उपग्रहाशी संधान बांधणारी तबकडीही हवी असते. श्रीमंतांची हौस म्हणून हा विषय सोडून देता येणार नाही. त्यात कायद्याचा व लोकहिताचा प्रश्न गुंतला आहे.

येथे एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. दूरचित्रवाणीची तबकडी फक्त ऐकते. दूरदर्शनची ‘फ्री डिश’ 2004 सालापासून मासिक वर्गणीविना चालू आहे. विषुववृत्तावर सुमारे 36 हजार किलोमीटर उंचीवर स्थिर भासणाऱ्या उपग्रहाकडे, म्हणजे गोव्यातून आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारे 60 अंश वर, तबकडी रोखली की काम भागते. गाडी हलली की रोख मात्र पुन्हा साधावा लागतो.

इंटरनेटची तबकडी ऐकते आणि बोलतेही. स्टारलिंकसारख्या योजनेतील उपग्रह सुमारे 550 किलोमीटरवरून झपाट्याने सरकतात, म्हणून तबकडीला चहूकडे मोकळे आकाश लागते. माडांच्या सावलीत गाडी लावणाऱ्यास ते मिळत नाही. विजेचा हिशेबही कठोर आहे. 75 वॅट खाणारे यंत्र दिवसभर चालले तर 1800 वॅट-तास लागतात. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम 1200 असतात. शिवाय टपाला पाडलेले प्रत्येक भोक नीट बुजविले नाही, तर पहिल्याच मृगात पाणी बिछान्यावर येते.

पण खरा घोर कायद्याचा आहे. बोलणारे यंत्र विनापरवाना बाळगणे हा आपल्याकडे 1933 च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून गुन्हा ठरला आहे. डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या विमानतळावर उपग्रह-संदेशयंत्रे जवळ सापडल्यावरून परदेशी प्रवाशांवर कारवाई झाली. आडवाटेवर संकटकाळी उपयोगी पडावे म्हणून जे बाळगायचे, त्यानेच माणूस संकटात पडावा, ही विपरीत गोष्ट होय. जून 2025 मध्ये स्टारलिंकला केंद्राचा परवाना मिळाला हे खरे. परंतु कंपनीला मिळालेला परवाना म्हणजे परदेशातून आणलेल्या प्रत्येक यंत्रास मुभा नव्हे. सागरी सीमेच्या राज्यात सरकारने सावध राहावे, हे आम्हांस मान्य आहे. मात्र नियम कडक असेल तर तो आधी सांगितलाही पाहिजे. अज्ञानी प्रवाशाला पकडून सुरक्षितता वाढत नाही, देशाची अपकीर्ती मात्र होते.

उपग्रह आपल्या देशात प्रथम आला तो कोणासाठी, याचेही स्मरण ठेवावे. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 या वर्षात अमेरिकेकडून उसन्या घेतलेल्या उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांना दूरचित्रवाणी दाखविण्यात आली. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीच्या तबकड्या शाळांवर व पंचायतींवर चढल्या. शेती, आरोग्य आणि शिक्षण हे तिचे विषय होते. हौशी प्रवाशाच्या टपाला आज जे साधते, ते सत्तरी वा काणकोणच्या डोंगरकपारीतील शाळेला, आरोग्यकेंद्राला आणि खोल समुद्रात जाणाऱ्या रापणकारांच्या भाऊबंदांना आधी साधले पाहिजे.

म्हणून आमचे सरकारला तीन सांगणे आहे. पत्रादेवी, मोले व पोळे येथील नाक्यांवर आणि विमानतळांवर, कोणते यंत्र चालते व कोणते नाही याचे ठळक फलक अनेक भाषांत लावावेत. अशी यंत्रे बसविण्याचे शिक्षण औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून आपल्या तरुणांना द्यावे, म्हणजे हे काम परक्या हाती जाणार नाही. आणि सार्वजनिक पैसा खर्चावयाचा झाल्यास तो प्रथम गावाच्या छपरावर खर्चावा. पाहुण्याच्या टपाचा खर्च पाहुणा करील. त्याला हवा तो फक्त स्पष्ट नियम, आणि तो देणे सरकारला मुळीच जड नाही.