टेप कुणाच्या हातात?



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हमखास येतो : मुलीला पुढे कशाला घालू? नर्सिंग, डी. एड., बँकेच्या परीक्षा ही यादी आपल्याला तोंडपाठ आहे. अलीकडे तिच्यात एक नवं नाव ऐकू येतं : क्वांटिटी सर्व्हेइंग. बांधकामाला माल किती लागेल, मजुरी किती पडेल, ठेकेदाराने प्रत्यक्षात काम किती केलं आणि त्याचे पैसे किती द्यायचे, हे ठरवण्याची ही विद्या. "बसून करायचं काम, उन्हातान्हात हिंडावं लागत नाही, मुलींना बरं," अशी तिची शिफारस केली जाते. आम्हीही तिची शिफारस करणार आहोत, पण या कारणासाठी नाही.

बांधकामावर बाई काही नवी नाही. घमेलं तिच्या डोक्यावर पहिल्यापासून आहे. टेप आणि मोजमापाची वही मात्र तिच्या हातात कधी दिली गेली नाही. तिने केलेलं काम दुसऱ्याने मोजायचं, आणि तो सांगेल तेवढंच ते झालं असं धरायचं, ही रीत आहे.

रोजगार हमीच्या कामांवर हे आपण पाहिलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळातून ही योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. कामावर बाया मोठ्या संख्येने होत्या. मजुरी कामाच्या मापावर. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली मोजायची, घनमीटर काढायचे आणि दराने गुणायचे. खणणाऱ्याची मेहनत खड्ड्यात दिसते. पण ती माती डोक्यावरून वाहून नेणारीची मेहनत कुठे दिसते? ती दिसते फक्त दोन आकड्यांत : माती किती लांब नेली आणि किती उंच चढवली. बांधकामवाले याला लीड आणि लिफ्ट म्हणतात. केंद्रीय बांधकाम खात्याच्या दरसूचीत ५० मीटर अंतर आणि दीड मीटर उंची मूळ दरातच धरलेली असते. त्यापुढे जादा दर लागतो. आता वहीत अंतर लिहायचंच राहिलं, तर बाईने दिवसभर घातलेल्या खेपा कागदावर घडल्याच नाहीत. मजुरी कमी का आली हे मग तिलाही कळत नाही आणि तिच्या बाजूने भांडायला गेलेल्या कार्यकर्तीलाही नेमकं बोट ठेवता येत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या वीटभट्ट्यांवरही तेच. कातकरी जोडपं उचल घेऊन हंगामभर राबतं. दर हजार विटांवर, मोजणी मालकाच्या माणसाची, हिशेब नवऱ्याच्या नावावर. बाईने पाडलेल्या विटा वेगळ्या मोजाव्यात असं कुणाला वाटतच नाही.

आणि जमिनीचं काय सांगावं? नवी मुंबई आणि न्हावा-शेव्याच्या बंदरासाठी उरण-पनवेलच्या जमिनी गेल्या, तेव्हा किती गेलं आणि त्याचं मोल काय, हे दुसऱ्यांनीच ठरवलं. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. गोळीबारात पाचजण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. मागणी मोजमापाचीच होती : आमचं जे गेलं त्याची किंमत नीट धरा. आज त्याच पट्ट्यात २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू उतरतो आणि उलव्याला विमानतळ उभा राहिला आहे. एवढ्या काँक्रीटचा हिशेब करणाऱ्यांत त्या गावांतल्या मुली किती?

मुलींना हे जमत नाही असं म्हणायची आता सोय उरलेली नाही. मुंबईच्या व्हीजेटीआयमधून १९५३ मध्ये शकुंतला भगत सिव्हिल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या. पुढे त्यांनी पतीबरोबर कंपनी काढून जोडणीचे पोलादी पूल बांधले. त्यांचा पहिला पूल १९७२ मध्ये हिमाचलातल्या स्पितीत उभा राहिला. त्याच्याही आधी, १९२२ मध्ये, आयरीन बार्कली ही इंग्लंडमधली पहिली स्त्री चार्टर्ड सर्व्हेअर झाली. तिने लंडनच्या गलिच्छ वस्त्यांमधल्या घरांची पाहणी केली. त्या पाहणीचा उपयोग तिथल्या कुटुंबांना चांगली घरं मिळवून देण्याच्या कामात झाला. मोजण्याची विद्या कुणाच्या बाजूने वापरायची, याचं याहून चांगलं उत्तर आम्हांला माहीत नाही.

आता वाट कुठून जाते ते पाहू. आपल्याकडे या विषयाची स्वतंत्र पदवी क्वचितच मिळते. बहुतेक ठिकाणी तो सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये 'एस्टिमेटिंग आणि कॉस्टिंग' म्हणून शिकवला जातो. दहावीनंतर डिप्लोमासाठी पेणचं शासकीय तंत्रनिकेतन आहे आणि पदवीसाठी लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ १९८९ पासून आहे. पुढे पुण्याच्या निकमारमध्ये खास अभ्यासक्रम आहेत, पण त्यांची फी लाखांच्या घरात. २०२४-२५ पासून राज्य सरकारने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. चांगलं झालं. परंतु श्रीवर्धन किंवा मुरूडच्या मुलीला लोणेऱ्याला राहायचं तर खोली, जेवण आणि एस.टी. यांचा खर्च उरतोच. तो मुलासाठी कर्ज काढून केला जातो, मुलीसाठी मात्र "बघू" म्हटलं जातं.

खरी गळती त्याच्याही आधीची. गणित अवघड म्हणून, किंवा गावात सायन्स नाही म्हणून, मुलगी आर्ट्सला जाते आणि पदवीचं दार तिथेच बंद होतं.

ज्या शिकतात त्यांच्यापुढे दुसरा सापळा असतो. टेप घेऊन साइटवर मुलगा जातो आणि त्याने आणलेले आकडे ऑफिसात बसून मुलगी भरते. हेच ते 'मुलींना बरं' असलेलं काम. स्वतः न पाहिलेल्या कामाचा गुणाकार करणारीला चूक पकडता येत नाही आणि तिची बढतीही तिथेच अडते. साइटवर मुलीला संडास नाही म्हणून तिला पाठवत नाहीत म्हणे. मग घमेलं वाहणाऱ्या बाया इतकी वर्षं कुठे जात होत्या, हे कुणी विचारलं नाही.

इथेच या शिक्षणाचा आपल्या चळवळीशी धागा जुळतो. बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये झालेल्या कायद्याने पन्नासहून अधिक बाया असलेल्या कामावर पाळणाघर सक्तीचं केलं. किती ठिकाणी दिसलं? अंदाजपत्रकात सिमेंट, सळई, वाळूचे ब्रास सारं ओळीने असतं. ज्या गोष्टीची ओळ नाही, तिला पैसे नाहीत. ती ओळ लिहिणारी बाई असली म्हणजे ती लिहिली जाईलच, असं आम्ही म्हणत नाही. नोकरी ठेकेदाराची असते, आणि खुर्चीवर बसलेली प्रत्येक बाई आपली होते असा आपला अनुभव नाही. म्हणूनच तिला नुसतं कॉलेजात पोचवून आपलं काम संपत नाही. तिच्याशी नातं टिकवावं लागेल.

तेव्हा गटांना तीन गोष्टी सुचवतो. आठवी-नववीच्या मुलींची गणिताची भीती घालवण्यासाठी सुट्टीत वर्ग घ्या. प्रवेशाच्या वेळी कागदपत्रांना आणि वसतिगृहाच्या अर्जाला सोबत जा. आणि तिसरी : ज्या शिकल्या आहेत त्यांना गटात बोलवा, मजूर बायांना टेप धरायला आणि मापाची वही वाचायला शिकवायला सांगा. आपल्या डोक्यावरून किती माती गेली हे आपल्याला सांगता आलं पाहिजे, तेही घनमीटरमध्ये.

— संपादक मंडळ