दिव्याचा कर भरला, दिवा कुठाय?

मार्च महिना आला की आमच्या गल्लीतून नगरपालिकेची रिक्षा फिरते. भोंग्यातून आवाज येतो, 'थकबाकीदारांनी त्वरित भरणा करावा, अन्यथा नळजोडणी खंडित करण्यात येईल.' यंदा रिक्षा वळणावरून गेली आणि शेजारच्या काकू घरपट्टीचं बिल घेऊन ओट्यावर आल्या. चष्मा सारखा करत म्हणाल्या, "अगं, यात दिवाबत्तीचा कर लावलाय. कोपऱ्यावरचा दिवा तर दिवाळीपासून बंद आहे. मग मी हा भरू कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. उत्तर मात्र त्यांना आवडलं नाही.

मैत्रिणींनो, घरपट्टीचं बिल आपण शेवटच्या आकड्यापुरतंच बघतो. एकदा वरपासून वाचून बघा. राज्यातल्या नगरपरिषदा १९६५ च्या अधिनियमानुसार चालतात. त्यात एकत्रित मालमत्ता कर म्हणून जो असतो, त्याच्या पोटात सर्वसाधारण कराबरोबर पाणी, दिवाबत्ती आणि स्वच्छता यांचे भाग असतात. शिवाय शिक्षण कर (हा वसूल पालिका करते, जातो राज्य सरकारकडे), वृक्ष कर, आणि गावोगावच्या ठरावाप्रमाणे आणखी काही. दिवाबत्ती हा 'कर' आहे, आणि गोम इथेच आहे. कर हा सगळ्या गावाच्या खर्चासाठी असतो. माझ्या दारात दिवा लागला नाही म्हणून तो चुकवता येत नाही. चुकवला तर थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला चोवीस. बँकेचं घरकर्जसुद्धा इतकं महाग नसतं! म्हणून काकूंना म्हटलं, पैसे भरा आणि पावती हातात घेऊन भांडा.

'शुल्क' म्हणजे फी, तिचं गणित वेगळं. फी घेतली तर त्याबदल्यात काहीतरी मिळायला हवं. आपल्या न्यायालयांनी १९५४ पासून हा फरक मानलेला आहे, पुढे तो थोडा सैल झाला तरीही. भुयारी गटाराची फी बिलात आली आणि तुमच्या गल्लीत पाइपलाइनच पोचलेली नसेल, तर "कोणत्या ठरावानुसार, कोणत्या तारखेपासून?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात. अर्ध्या जुडी कोथिंबिरीचे पैसे.

दिव्याबद्दल थोडं घरचं सांगते. चार वर्षांपूर्वी श्रावणात माझ्या सासूबाई देवळातून येताना अंधारात गटारात पडल्या. गटारावरची फरशी कुणीतरी काढून ठेवली होती आणि वरचा दिवा बंद होता. मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी मी तक्रार घेऊन गेले तर एका कार्यालयात म्हणाले, "खांब वीजवाल्यांचा आहे, तिकडे जा." तिकडे म्हणाले, "खांब आमचा, पण दिवा पालिकेचा." फरशीबद्दल तर कुणी बोललंच नाही. बहुतेक गावांत अशीच वाटणी असते. खांब आणि तारा वीज कंपनीच्या, दिवा आणि त्याचं वीजबिल पालिकेचं, आणि दिवे बदलायला एखादा ठेकेदार. २०१५ पासून केंद्राच्या योजनेतून गावोगाव एलईडी आले, वीज वाचली हे खरं. पण दुरुस्ती ठेक्यावर गेली आणि ठेक्याची मुदत कधी संपली हे गल्लीतल्या कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून तक्रारीत 'आमच्या गल्लीतला दिवा' असं लिहू नका. खांबावर रंगवलेला नंबर लिहा, नंबर नसेल तर कुणाच्या दारासमोर ते लिहा, आणि पोच घ्या.

संध्याकाळी सातनंतर क्लासहून येणारी मुलगी, रात्रपाळी संपवून येणारी नर्सबाई, पहाटे पाचला पोळ्या लाटायला निघालेली बाई, त्या खांबाखालून यांनाच जायचं असतं. ठेकेदार गाडीतून जातो.

आता गटार. आपल्याकडे सगळ्यालाच गटार म्हणतात, पण वाहणारी पाणी दोन आहेत. एक मोरी-संडासाचं, वर्षभर रोज तेवढंच. दुसरं पावसाचं, जे चार महिन्यांत कधी येईल आणि किती येईल याचा नेम नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, हे आपल्याला पाठ आहे. दोघांच्या वाटा वेगळ्या हव्यात, कारण सांडपाण्याचे पाइप रोजच्या पाण्याच्या मापानं घातलेले असतात. आपण काय करतो? गच्चीचा पाइप सरळ चेंबरमध्ये सोडतो, तेवढंच अंगण कोरडं राहतं. मोठी सर आली की ते पाणी पाइपात मावत नाही आणि खालच्या अंगाला राहणाऱ्या कुणाच्या तरी तळमजल्यावरच्या संडासातून वर येतं. रात्री दोन वाजता खराटा घेऊन उभी कोण असते, ते वेगळं सांगायला नको.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयानं २००८ साली शहरांच्या सेवांचे मापदंड ठरवले. त्यात सांडपाण्याच्या सेवेचा खर्च शंभर टक्के वसूल व्हावा असं उद्दिष्ट आहे. पावसाळी नाल्यांसाठी मात्र वसुलीचं मापच नाही. रस्त्यांना नाल्या किती आणि पाणी तुंबण्याचे प्रसंग किती, एवढंच मोजायचं. तुंबण्याचं उद्दिष्ट आहे शून्य! मला यात एक गोष्ट खटकते. ज्याची पावती फाडता येते त्याची योजना होते, टाकी होते, उद्घाटन होतं. पावसाळी नाली कमाई करत नाही, म्हणून ती मे महिन्यातल्या गाळ काढण्यापुरतीच आठवते. काढलेला गाळही काठावरच पडून असतो आणि पहिल्या पावसात परत आत जातो. हे तुम्ही पाहिलं असेलच.

भुयारी गटार झालं तर फी द्यायला माझी हरकत नाही. उघड्या गटाराचे डास आणि वास तर जातील. पण फीबरोबर एक हिशोब आणखी विचारा, आत कोण उतरतं? २०१३ च्या कायद्यानं सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळेलाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे फक्त पालिकेला लागू नाही, परसातली टाकी साफ करायला पाचशे रुपयांत माणूस बोलावणाऱ्या आपल्यालाही आहे. असा कामगार गेला तर कुटुंबाला तीस लाख द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. टाकी उपसायला मैल्याची गाडी मागवा, दोन दिवस उशीर झाला तरी चालेल.

आणखी एक. कित्येक गावांत तीन-चार वर्षं प्रशासकाचं राज्य होतं, विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. डिसेंबर २०२५ मध्ये बहुतेक नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. निम्म्या जागा बायकांच्या आहेत, म्हणजे तुमच्या वॉर्डातली नगरसेविका कुठेतरी तुमच्या ओळखीतलीच असेल, हळदीकुंकवाला भेटलेली. तिच्या यजमानांना फोन करू नका, तिलाच करा. दर चार वर्षांनी घरपट्टीची नवी आकारणी होते, याद्या लागतात आणि हरकती मागवतात. तेव्हा कार्यालयात पुरुषांचीच रांग असते. घर तुमच्या नावावर असेल तर त्या रांगेत तुम्ही उभं राहायला हवं.

काकूंनी घरपट्टी भरली. पावतीची झेरॉक्स जोडून अर्ज दिला, खांबाच्या नंबरासकट. सतराव्या दिवशी दिवा लागला. आता तो सकाळी दहापर्यंत चालूच असतो. त्याचा अर्ज सोमवारी द्यायचाय.