सचिनमधले दोन दरोडे आणि काउंटरवरचा माणूस

सुरतजवळच्या सचिनमध्ये दोन वर्षांत दोन मोठ्या लुटी झाल्या. ऑगस्ट 2023 मध्ये वांझ गावातल्या बँक ऑफ महाराष्ट्रच्या शाखेत पाच जण शस्त्रं घेऊन घुसले आणि काही मिनिटांत सुमारे 14 लाख घेऊन पळाले. कर्मचारी आणि ग्राहकांनी प्रतिकार केला नाही, सगळे जिवंत राहिले. टोळीतल्या काहींना पुढे उत्तर प्रदेशातून पकडून आणलं. जुलै 2025 मध्ये रात्री दुकान बंद व्हायच्या वेळेला एका सराफाच्या पेढीत लुटारू शिरले. मालकाने विरोध केला आणि गोळी लागून जीव गमावला. लोकांनी एका लुटारूला तिथेच धरलं.

मालकाला दोष द्यायचा प्रश्नच नाही. डोळ्यांसमोर आयुष्याची कमाई जाताना कोण शांत राहील? पण नोकराचं गणित वेगळं आहे. गल्ला त्याचा नाही, जीव मात्र त्याचा आहे. 29 डिसेंबर 2021 ला मुंबईत दहिसरच्या स्टेट बँकेत लुटारूंनी अडीच लाखांसाठी एका कंत्राटी कर्मचाऱ्याला गोळी घातली. आरोपी काही तासांत सापडले, पण गेलेला माणूस गेलाच.

म्हणून हात दिसतील असे ठेवा, मागतील ते द्या, ड्रॉवर उघडताना आधी सांगा, "चावी काढतोय". त्यांच्या डोळ्यांत रोखून बघू नका. बूट, चाल, बोलीची ढब, कोण कोणाला काय म्हणतं तेवढं लक्षात ठेवा. अलार्म त्यांना कळणार नसेल तरच दाबा. ते बाहेर पडले की मागे धावायचं नाही. शटर ओढा, 112 लावा (गुजरात असो की महाराष्ट्र, नंबर एकच), काउंटरला हात लावू नका, आणि आपसात बोलण्याआधी ज्याने-त्याने पाहिलेलं लिहून काढा. चर्चा झाली की सगळ्यांच्या आठवणी एकसारख्या होतात, मग तपासाला त्यांचा उपयोग उरत नाही.

हे सगळ्यांना पटतं. तरी माणूस झटापट का करतो? धुळे-नंदुरबारकडून सुरतला आलेल्या, दुकानात किंवा पंपावर काम करणाऱ्या पोराला खरी भीती पिस्तुलाची नसते, नंतरची असते: शेठ पगारातून कापेल, वर "तूच फितूर" म्हणेल. कायदा मात्र असं सरसकट कापू देत नाही. नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीपणामुळे किंवा चुकीमुळे झालं असेल तरच कपात करता येते, तीसुद्धा त्याचं म्हणणं ऐकून. बंदुकीपुढे चावी देणं याला हलगर्जीपणा कोण म्हणेल? कामावर असताना जखम किंवा मृत्यू झाला तर भरपाईची जबाबदारीही मालकावर येते.

पण हे काउंटरवरच्या पोराला सांगितलंय कोणी? रोकड आणि दागिन्यांचा विमा बरेच मालक काढतात, त्याबद्दल नोकराशी बोलत नाहीत. गल्ल्याच्या आतल्या बाजूला मालकाच्या सहीचा एक कागद चिकटवायला काय लागतं: "लूट झाली तर पैसे देऊन टाका, पगारातून कापणार नाही." मराठीत, हिंदीत, गुजरातीत, जी भाषा तिथल्या पोरांना येते त्यात.