शहापूरला स्पेक्ट्रम पावसाळी

ठाणे-डोंबिवलीच्या वन बीएचकेमध्ये एक गोष्ट हमखास मावत नाही. जुना कम्प्युटर! लग्नाआधी तो ‘कलेक्शन’ असतो, लग्नानंतर ‘तुझे ते खोके’. खोके आधी पलंगाखाली, मग माळ्यावर आणि शेवटी गावी. आमच्या ग्रुपमधल्या एकाची अकरा मशीन्स अशीच शहापूर-मुरबाड रस्त्यावरच्या एका गावात, त्याच्या मामांच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये जाऊन बसली.

कलेक्शन मात्र झकास. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकात काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस, शाळांमध्ये संगणक-साक्षरतेसाठी आलेला बीबीसी मायक्रो, दोन ३८६, एक जुना मॅक. परदेशातल्या शौकिनांना चिंता असते की गोडाऊनला हीटिंग नाही, हिवाळ्यात काय होणार? आपल्याकडे हीटिंग म्हटल्यावर लोक हसतील. पण बॉस, थंडी नसली तरी ओल आहे ना! मुंबईकर ज्या तानसा-भातसाचं पाणी पितात ती धरणं याच शहापूर तालुक्यात आहेत. तिकडे मुरबाडच्या टोकाला माळशेजचा घाट. जून ते सप्टेंबर तिथली हवा म्हणजे ओला टॉवेल.

आणि पत्र्याचं छप्पर हिवाळ्यातही सोडत नाही. जानेवारीत रात्री पत्रा गार पडतो, पहाटे आतल्या बाजूने त्याला घाम फुटतो आणि थेंब टपटप खाली. खाली नेमका मॉनिटर.

मामांना कम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण साठवणीतलं सगळं कळतं. म्हणाले, ‘‘अरे भाच्या, भात ठेवतो तसं ठेव की. आधी वाळव, मग झाक. ओलं झाकलंस तर कोंब येतात.’’ याहून चांगला सल्ला मला तरी कुठे मिळालेला नाही. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलं की सेफ, असं आपल्याला वाटतं. पण जुलैत गुंडाळलं तर जुलैची ओलही आत पॅक होते. म्हणून पॅकिंग मार्च-एप्रिलमध्ये, कोरड्या हवेत. जमिनीपासून हातभर वर, भिंतीला न टेकवता, झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये तापवायचे, परत निळे! पोर्टची भोकं टेपने बंद करायची, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर बांधते. उंदरांबद्दल मी बोलतच नाही.

मात्र सगळ्यात मोठा शत्रू बाहेरून येत नाही, तो मदरबोर्डवरच बसलेला असतो. ३८६ च्या काळातल्या बोर्डांवर घड्याळासाठी पिंपाच्या आकाराची छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी असायची. वर्षानुवर्षं पडून राहिली की ती गळते आणि तिच्यातला अल्कली तांब्याच्या रेषा खातो. जुन्या मॅकमधली लिथियम बॅटरी तर फुटतेच. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, गावी पाठवायच्या आधी बॅटरी काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

फ्लॉप्या मात्र गोडाऊनमध्ये ठेवूच नका, हे माझं स्पष्ट मत. पाकिटावर १० ते ५२ अंश वगैरे छापलेलं असायचं, ते वाचून आपण निर्धास्त होतो. पण दमट हवेत चकतीवर बुरशी धरते. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की हेड ती बुरशी खरवडतं आणि तिच्यासोबत डेटाही.

इथे मित्राचा चेहरा उतरला. त्याचे बाबा कल्याणला टायपिंग आणि छपाईची कामं घ्यायचे. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड पीसीत बसवलं की डॉसवर चक्क मराठी उमटायचं, त्यावर. रात्री कामं संपली की ते स्वतःच्या आठवणी लिहीत. प्रिंट कधी काढलीच नाही. बाबा आता नाहीत. मजकूर आहे चाळीस मोठ्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर, इस्की कोडमध्ये. आजच्या लॅपटॉपवर तो सरळ उघडला तर नुसती अगम्य चिन्हं. युनिकोडमध्ये बदलता येतो, पण आधी फ्लॉपी वाचायला तर हवी! तो ड्राइव्ह आहे गोडाऊनमधल्या ३८६ मध्ये. म्हणजे आठवणी आणि त्या वाचणारं मशीन, दोन्ही त्याच पत्र्याखाली.

एप्रिलमध्ये आम्ही जाऊन दोन्ही घेऊन आलो. एका ३८६ चा बोर्ड बॅटरीने खाल्ला होता, दुसरा साफसफाईनंतर सुरू झाला. एकतीस फ्लॉप्या वाचल्या गेल्या. उरलेल्या नऊंवर बुरशीचे ठिपके आहेत. त्या उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने हलक्या हाताने पुसून, दुसऱ्या कव्हरात घालून बघायच्या आहेत. तोवर त्या सिलिका जेलच्या डब्यात, बेडरूमच्या कपाटात, बायकोच्या शालूंशेजारी आहेत. वहिनी काही बोलल्या नाहीत.