खदानीचं पाणी

या महिन्यात घरखर्चाच्या वहीबद्दल लिहायचं आम्ही ठरवलं होतं. पण मधल्या काळात घरात एक गोष्ट घडली आणि तो विषय मागे पडला.

आमची मोठी आपा लग्नानंतर इंग्लंडमधल्या लेस्टरला गेली. तिचा मुलगा ऑगस्टच्या सुटीत आमच्याकडे कामरगावला आला होता. मगरिबनंतर लाईट गेली, तेव्हा सगळी पोरं त्याच्या मोबाईलभोवती गोळा झाली. तो तिथल्या एका स्कुबा क्लबचा सभासद आहे. क्लबची मंडळी सुटीच्या दिवशी पाण्याखाली फिरायला जातात. आम्हाला वाटलं, समुद्रात जात असतील. तो म्हणाला, "नाही मामू, खदानीत जातो. गोड्या पाण्याच्या."

लेस्टरपासून जवळच स्टोनी कोव्ह नावाची जुनी ग्रॅनाइटची खदान आहे. 1958 मध्ये तिथलं दगडाचं काम थांबलं, पंप बंद झाले आणि झऱ्यांचं पाणी भरलं. सर्वांत खोल जागा सुमारे 35 मीटर, म्हणजे दहा मजली इमारत उभी बुडेल एवढी. पाणबुड्यांना शिकायला म्हणून तिथे एक जुनी बोटही मुद्दाम बुडवून ठेवली आहे. हिरवट पाण्यात त्या बोटीशेजारून तरंगत जाणारी माणसं पाहून पोरांचे डोळे मोठे झाले.

नानींनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "पोशाख मात्र चांगला आहे. डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकलेलं!" सगळे हसले. एकाने विचारलं, "पाठीवर ऑक्सिजनची टाकी आहे ना?" भाचा म्हणाला, "नाही, साधी हवाच असते, दाबून भरलेली. 12 लिटरच्या टाकीत साधारण 2400 लिटर हवा मावते."

तेवढ्यात आमचा धाकटा उठून म्हणाला, "भाईजान, खदान तर आपल्याकडे पण आहे! उद्या चला."

रविवारी सकाळी आम्ही सगळे निघालो. आपला भाग काळ्या पाषाणाचा. रस्त्यांसाठी खडी काढून झाली की खड्डा तसाच राहतो आणि पावसाळ्यात काठोकाठ भरतो. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या गावाजवळ असा एखादा खड्डा असेलच. पाणी शांत होतं, आभाळ त्यात दिसत होतं. पोरं चपला काढू लागली.

भाचा काठापासून चार हात दूर उभा राहून बराच वेळ पाहत होता. मग म्हणाला, "मामू, मी या पाण्यात उतरणार नाही."

आम्हाला वाटलं, पाणी घाण आहे म्हणून म्हणतो. पण त्याचं कारण वेगळं होतं. त्याने पोरांना खाली बसवलं आणि सांगितलं ते असं.

क्लबमध्ये कुणीही एकटा पाण्यात जात नाही. प्रत्येकाचा एक जोडीदार असतो. उतरण्याआधी दोघं एकमेकांचे पट्टे, टाकी, नळी तपासतात. कोण किती वाजता उतरलं, याची नोंद ठेवायला एक माणूस काठावर थांबतो. टाकीतली हवा संपेपर्यंत कुणी खाली राहत नाही. पाव भाग उरायच्या आत वर आलेलं असायचं. वर येतानाही घाई नाही. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. हे सगळं उतरण्याआधी तलावात शिकवतात, परीक्षा घेतात, मगच खदान.

"आणि इथे?" तो म्हणाला. "नदीचा काठ उतरता असतो, खदानीचा सरळ तुटलेला. पहिलं पाऊल गुडघ्याएवढ्या पाण्यात, दुसरं वीस फुटांत. खाली दगड आहे की तार, वरून दिसत नाही. वरचं पाणी उन्हाने कोमट, खालचं एकदम गार. गार पाणी लागलं की माणूस दचकून श्वास ओढतो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. समुद्राचं खारं पाणी माणसाला थोडं जास्त उचलून धरतं, गोडं पाणी तेवढं धरत नाही. आणि बाहेर यायचं तर हात कुठे धरायचा? दगडावर शेवाळ आहे."

धाकटा पटकन बोलून गेला, "पण आम्ही तर इथे पोहतो, भाईजान. शाळा सुटल्यावर."

सगळे गप्प झाले. आम्हाला हे पहिल्यांदाच कळत होतं. मग हळूहळू बाकीचंही बाहेर आलं. मागच्या वर्षी त्याचा पाय घसरला होता. मित्राने म्हशीचा दोर फेकला म्हणून तो वर आला. घरी सांगितलं तर मार बसेल, म्हणून दोघांनी कपडे उन्हात वाळवले आणि घरी येऊन जेवायला बसले. त्या दिवशी काय शिजलं होतं, ते त्याच्या अम्मीला आठवलं. तिथेच दगडावर बसून ती रडली.

आम्ही त्याला रागावलो नाही. रागावण्याचा हक्क आम्हाला उरला नव्हता. मुलाला मार आठवला आणि पाणी विसरलं, तर चूक त्याच्या एकट्याची कशी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2021 मध्ये जगात सुमारे 3 लाख माणसं बुडून गेली, आणि त्यात जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालच्या मुलांचा होता. आपल्या देशात दरवर्षी 35 हजारांहून जास्त लोक बुडतात. बहुतेक जण समुद्रात नाही, तर विहिरी, तळी, नद्या आणि अशा खड्ड्यांत बुडतात.

बुडून मरण पावलेल्याला रसूलुल्लाह (स.) यांनी शहीदांमध्ये गणलं आहे. दुःखात बुडालेल्या आई-वडिलांसाठी हा मोठा आधार आहे आणि तो आधार कुणी हिरावून घेऊ नये. पण उंट मोकळा सोडून तवक्कुल करू का, असं विचारणाऱ्याला आधी उंट बांधायला त्यांनीच सांगितलं. जनाजाच्या वेळी आम्ही पहिली गोष्ट आठवतो. दुसरी गोष्ट त्याआधी आठवायला हवी.

घरी आल्यावर आम्ही काय केलं, ते सांगतो. यातलं काहीच महाग नाही.

पहिलं, पोरांना शब्द दिला की पाण्याबद्दल खरं सांगितलं तर मार बसणार नाही.

दुसरं, गल्लीतल्या चार घरांनी मिळून दोन मोठे प्लास्टिकचे रिकामे कॅन घेतले, झाकण घट्ट लावलं आणि प्रत्येकाला लांब दोर बांधला. एक खदानीजवळच्या झाडाला अडकवला, एक शेततळ्यावर. शेततळ्याचं विशेष सांगतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात चांगला पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, कारण कागदावरून पाय घसरतो. चारही बाजूंना गाठी मारलेला जाड दोर किंवा जुने टायर सोडून ठेवा आणि भोवती कुंपण करा.

तिसरं, कुणी बुडताना दिसलं तर उडी मारायची नाही. पोहता न येणारा वाचवायला जातो आणि एका घरातून दोन जनाजे निघतात. ओरडायचं, बांबू पुढे करायचा, कॅन फेकायचा, काहीच नसेल तर ओढण्या एकमेकींना बांधून फेकायच्या.

चौथं, बाहेर काढलेल्याला उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही, पोट दाबायचं नाही. यात वेळ जातो. एकाने 108 ला फोन करावा. श्वास चालत नसेल तर दुसऱ्याने आधी तोंडाने श्वास द्यावा, मग छातीच्या मधोमध 30 वेळा जोराने दाबून 2 श्वास, असं मदत येईपर्यंत करत राहावं. हे शिकवण्यासाठी जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मोहल्ल्यात बोलवा.

पाचवं, पोहणं शिकवा, मुलांना आणि मुलींनाही. धुणं घेऊन पाण्यावर मुलीच जातात. बांगलादेशात गावच्या तळ्यांतच बांबूचे मचाण बांधून लहान मुलांना पोहायला शिकवलं गेलं. मोठा तलाव किंवा मोठा पैसा लागला नाही. मुलींसाठी शिकवणारी बाई आणि वेगळी वेळ ठेवता येते. पोशाखाबद्दल नानींचं मत तुम्ही वाचलंच आहे!

आणि ज्यांना खरोखर पाण्याखाली जायचं आहे, त्यांच्या वाटेत आम्ही नाही. सिंधुदुर्गात तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे. धाकट्याने आताच नाव काढलं आहे. आम्ही म्हटलं, आधी तलावात पोहायला शीक, मग बघू.

निघताना भाच्याने त्याला क्लबची खूण शिकवली. अंगठा आणि तर्जनीचं गोल म्हणजे 'मी ठीक आहे'. आता शाळेतून आला की तो दारातच अम्मीला ती खूण करतो. आणि त्याची अम्मी, हातात पीठ असलं तरी, तशीच खूण परत करते.

तुमच्या गावात अशी खदान किंवा तळं असेल, तर या रविवारी मुलांना घेऊन तिथे जा. त्यांना ते पाणी किती ओळखीचं आहे, ते विचारा. शांतपणे ऐका. अल्लाह आपल्या सगळ्यांच्या लेकरांना सलामत ठेवो. आमीन.