आधी हवा, मग प्रवास

मे महिना लागला की कोकणात जायचे बेत सुरू होतात आणि पक्षी पाळणाऱ्या घरात प्रश्न पडतो, याचं काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. दोन-चार दिवसांचाच मुक्काम असेल आणि दाणा-पाणी बघणारं भरवशाचं माणूस शेजारी असेल, तर त्याला घरीच राहू द्यावं. पण महिनाभर घर बंद राहणार असेल, बदली झाली असेल किंवा पक्ष्यांचा डॉक्टर परगावी असेल, तर त्याला गाडीत घ्यावंच लागतं. अशा वेळी पहिला विचार करायचा तो हवेचा.

पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड खाली-वर होतं आणि फुप्फुसांना जोडलेल्या पिशव्यांमधून हवा खेळत राहते. म्हणून घाबरलेल्या पक्ष्याला धरताना छातीवर मूठ आवळायची नाही, तो गुदमरतो. ही रचना हवेतला प्राणवायू आपल्यापेक्षा सरस खेचून घेते. मात्र धूर आणि विषारी वाफाही तितक्याच वेगाने आत जातात. डॅशबोर्डवरची सुगंधाची डबी, सीटवर मारलेला स्प्रे, गणपतीपुढे लावलेली उदबत्ती, सिगारेट यांतलं काहीही बंद गाडीत नको. आमच्याकडे कॉकटील आहे. निघायच्या आदल्या दिवशीच आम्ही सुगंधाची डबी काढतो आणि दारं उघडी ठेवून गाडी वारा खायला सोडतो. सकाळी कुणी परफ्यूम मारायचा नाही, सोबत येणाऱ्या पाहुण्यांनीसुद्धा.

हवेइतकाच उष्म्याचा धोका. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून दूर धरणं ही उकाड्याची खूण. गाडी आधी गार करावी, मगच त्याला आत न्यावं, आणि एसीचा झोत थेट अंगावर येऊ देऊ नये. ‘पाच मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून त्याला उन्हात बंद गाडीत ठेवणं तर मला अक्षम्य वाटतं. काच बोटभर खाली असली तरी गाडी तापायची थांबत नाही. एकाने चहा प्यावा, दुसऱ्याने पक्ष्यापाशी थांबावं.

घरचा मोठा पिंजरा प्रवासाला कामाचा नाही. लहान कॅरियर घ्यावा, दांडी खालच्या बाजूला लावावी, झोपाळा, घंटा आणि जड वाट्या काढून टाकाव्यात. कॅरियर मागच्या सीटवर पट्ट्याने बांधावा. पुढच्या सीटवर एअरबॅग उघडली तर पक्षी वाचायचा नाही. पाण्याची वाटी सांडतेच, म्हणून वाटेत काकडीचा किंवा बिया काढलेल्या सफरचंदाचा तुकडा द्यावा, आणि गाडी थांबली की पाणी. काच खाली करण्याआधी कॅरियरच्या दाराची कडी बघायची. हायवेवर उडालेला पक्षी परत मिळणं कठीण.

आंबा घाटाच्या वळणांवर आमच्या कॉकटीलचा तुरा डोक्याला चिकटतो, नखं दांडीत रुततात. ती भीती असते. कॅरियरच्या तीन बाजूंनी सुती कापड टाकलं, हळू आवाजात बोलत राहिलं की तुरा सैल पडतो. माझी नजर मात्र शेपटीवर असते. स्वस्थ बसलेला असताना प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी खाली-वर होत असेल, तर श्वासाचा त्रास आहे असं धरून जवळचा डॉक्टर गाठायचा. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, कारण रानात अशक्त दिसणारा आधी शिकाऱ्याच्या तोंडी जातो.

इथे एक सांगायलाच हवं. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. तो गाडीत कसा न्यावा हा प्रश्नच उद्भवू नये. आफ्रिकन ग्रे किंवा सन कॉन्यूरसारखे परदेशी पक्षी असतील तर त्यांची सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. त्या कागदांची प्रत प्रवासात जवळ ठेवावी.

पोचल्यावर त्याला लगेच बाहेर काढायची घाई नको. गावच्या घरात चूल पेटलेली असते, तिचा धूर पोचणार नाही अशी खोली निवडावी. खिडक्या लावाव्यात, मांजर बाहेर घालवावं, छताचा पंखा बंद करावा, आणि मगच कॅरियरचं दार उघडावं.